ओपिऑइड तडजोडीचे पैसे काउंटीने कशावर खर्च करावेत?

तुम्ही विचारलंय की नॉर्थ कॅरोलिनातल्या तुमच्या काउंटीला (म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक सरकाराला) ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची व्यसन लावणारी वेदनाशामकं, विकणाऱ्या कंपन्यांवरच्या खटल्यांतल्या तडजोडीचे पैसे मिळताहेत, ते कशावर खर्च व्हावेत आणि तिथे आपल्यासारख्यांचं कोणी ऐकून घेतं का. मी याच राज्यात फार्मसिस्ट आहे. माझं उत्तर आधीच सांगते: सगळ्यात पहिला पैसा तुरुंगातल्या उपचारांवर आणि तिथून सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांवर जायला हवा.

पैसे थोडे नाहीत. 2022 मध्ये मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन वितरकांनी 18 वर्षांत मिळून 21 अब्ज डॉलरपर्यंत, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने 5 अब्जांपर्यंत रक्कम द्यायचं मान्य केलं. मागाहून सीव्हीएस, वॉलग्रीन्स, वॉलमार्ट या औषधं विकणाऱ्या दुकानसाखळ्याही आल्या. आपल्या राज्याने यातला 85 टक्के हिस्सा थेट स्थानिक सरकारांकडे वळवला. म्हणजे निर्णय राज्याच्या राजधानीत, रॉलीत बसून होत नाही, तुमचे निवडून आलेले काउंटी कमिशनर तो घेतात.

हा पैसा भलतीकडे जाण्याची भीती खरी आहे. 1998 च्या तंबाखू करारात 46 राज्यांना 25 वर्षांत 200 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मिळायची होती. तिचा फार थोडा भाग लोकांची तंबाखू सोडवण्यावर लागला, बाकीच्याने बजेटमधली भोकं बुजवली. तो अनुभव लक्षात ठेवूनच या वेळी बहुतांश रक्कम व्यसनावरच्या कामासाठी वापरायची अट करारात घातली. तरीही टेनेसीतल्या ग्रीन काउंटीने आपल्या पैशातला मोठा भाग कर्ज फेडायला वळवला.

आता तुरुंगाचं. माणूस आत असताना नशा सुटते आणि शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर तो पूर्वीइतकीच मात्रा घेतो, त्यात आता फेंटानिल हे फारच तीव्र ओपिऑइड असतं, आणि जीव जातो. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांचा 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका इतर लोकांच्या 129 पट निघाला. ऱ्होड आयलंडने 2016 पासून तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅल्ट्रेक्सोन ही ओपिऑइडच्या व्यसनावरची तिन्ही औषधं द्यायला सुरुवात केली. वर्षभरात, नुकत्याच सुटलेल्यांमधले ओव्हरडोसचे मृत्यू साधारण 60 टक्क्यांनी घटले.

सुटकेनंतर नेमकं काय अडतं ते मला काउंटरवरून दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी ब्युप्रेनॉर्फिनचं प्रिस्क्रिप्शन घेऊन येतं. जिभेखाली ठेवायची ती छोटी केशरी पट्टी, दिवसातून एकदोनदा. पण आत असताना थांबवलेलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, अजून चालू झालेलं नसतं, क्लिनिक सोमवारपर्यंत बंद, खिशात पैसे नाहीत. दोन दिवसांत अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, झोप नाही. अशा वेळी जुना ओळखीचा विक्रेता एका फोनवर हजर असतो. काउंटीने त्या पहिल्या औषधाचे पैसे भरले, मेडिकेडचा फॉर्म सुटकेआधीच भरून घेतला आणि क्लिनिकपर्यंत सोबत जायला एक माणूस नेमला, तर हा सोमवार उजाडतो. सोबत जाणारा स्वतः त्या व्यसनातून बाहेर पडलेला असेल तर फारच उत्तम, कारण त्याचं ऐकलं जातं.

ओव्हरडोस उलटवणाऱ्या नालोक्झोनचा नाकातला स्प्रे वाचनालयात, बसथांब्यावर, मोटेलच्या काउंटरवर फुकट ठेवावा, यावर दुमत असू नये. पोलिसांच्या गाड्या आणि शाळेतलं एक दिवसाचं भाषण मात्र या पैशातून नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या हातात बरंच आहे. राज्याच्या करारानुसार काउंटीला हा पैसा वेगळ्या निधीत ठेवावा लागतो आणि कशावर खर्च करणार हे ठरावात लिहावं लागतं. त्यासाठी करारातल्या पर्याय ‘अ’ मध्ये बारा उपायांची यादी आहे आणि तुरुंगातले उपचार त्यात आहेतच. वर्षातून एकदा सर्वांसाठी खुली बैठक घेणंही बंधनकारक आहे. तिथे जाऊन दोनच प्रश्न विचारा: आपल्या तुरुंगात ब्युप्रेनॉर्फिन नव्याने सुरू करतात, की आधीपासून घेणाऱ्यांनाच देतात? आणि सुटताना हातात किती दिवसांचं औषध देतात? उत्तर गुळमुळीत आलं तर कमिशनरांना लेखी पाठवा. काउंटीचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, त्यामुळे बजेटची सुनावणी त्याआधी होते. तेव्हा आपल्या मंडळातली चारपाच माणसं सोबत घेऊन जा.