स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ की बीबीसी मायक्रो: घरात खरोखर स्वस्त कोणता पडत असे?

खर्चाच्या तुलनेच्या तक्त्यासाठी आपण विचारले आहे की, १९८०च्या दशकातील स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ आणि बीबीसी मायक्रो या तीन घरगुती संगणकांपैकी सर्वांत स्वस्त कोणता होता. जाहिरातीतील किमतींवरून याचे उत्तर एका शब्दात देता येते: स्पेक्ट्रम. परंतु भारतात परवान्याने तयार झालेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' मी काही वर्षे रोज वापरला आहे, आणि नुसत्या यंत्राची किंमत व ते घरात कामाला लागेपर्यंत होणारा खर्च यांत केवढे अंतर पडते, ते मला त्या काळात कळले.

आधी किमती पाहू. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये १६ के (किलोबाइट) मेमरीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना आणि ४८ केचा १७५ पौंडांना जाहीर झाला. मे १९८३ मध्ये हे दर अनुक्रमे ९९.९५ आणि १२९.९५ पौंडांवर आले. बीबीसी मायक्रोचे मॉडेल बी ३३५ पौंडांना जाहीर झाले होते, पण लवकरच ते ३९९ पौंडांवर गेले, आणि तेवढ्या पैशांत मेमरी मिळे ३२ के. कमोडोर ६४ अमेरिकेत ऑगस्ट १९८२ मध्ये ५९५ डॉलरना विक्रीस आला आणि पुढच्याच वर्षी ३०० डॉलरच्या खाली उतरला. कमोडोरने चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी १९७६ मध्येच विकत घेतली होती, त्यामुळे प्रोसेसर, चित्र आणि ध्वनी या तिन्हींच्या चिप तिला घरच्या घरी मिळत. त्या किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बड्या कंपनीलाही ऑक्टोबर १९८३ मध्ये घरगुती संगणकांतून अंग काढून घ्यावे लागले.

स्पेक्ट्रमची स्वस्ताई मात्र काटकसरीतून आली होती. त्याच्या वरच्या ३२ के मेमरीसाठी ६४ किलोबिटच्या अशा चिप वापरल्या, ज्यांचा अर्धा भाग सदोष आणि अर्धा चांगला होता. चांगला तेवढा कामाला लावला. कळफलक रबराचा, खाली प्लॅस्टिकचा पातळ पडदा. बीबीसी मायक्रोला याउलट खरा कळफलक होता आणि प्रिंटर, जॉयस्टिक, इतर यंत्रे जोडण्याची सोय आधीपासून होती.

आता जाहिरातीत नसणारा खर्च. स्पेक्ट्रम घरातला टीव्ही आणि घरातलाच कॅसेट रेकॉर्डर वापरतो, हे त्याचे मोठे आकर्षण होते. आमच्याकडे टीव्ही एकच होता आणि रेकॉर्डर वडिलांचा, भजने ऐकण्याचा. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढताना टीव्हीच्या पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावत, आणि चार-पाच मिनिटांनी, अगदी शेवटी, 'टेप लोडिंग एरर' येई. रेकॉर्डरमधल्या, टेप वाचणाऱ्या हेडजवळचा बारीक स्क्रू चिमूटभर फिरवला की प्रोग्रॅम नीट चढे, पण मग वडिलांच्या कॅसेटमधले टाळ दबल्यासारखे ऐकू येत. स्क्रू रोज मागेपुढे करण्याचा त्रास दोघांनाही असह्य झाल्यावर अखेर दुसरा रेकॉर्डर घ्यावाच लागला, म्हणजे 'घरातलाच' म्हणून वाचवलेला पैसा शेवटी गेलाच.

कमोडोरमध्ये हा प्रश्न सुरुवातीलाच मिटवलेला होता, पण ग्राहकाच्या खर्चाने: त्याला साधा रेकॉर्डर जोडता येत नसे, कंपनीचाच घ्यावा लागे. त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह अमेरिकेत सुरुवातीला सुमारे ४०० डॉलरना होता, कारण त्यात स्वतंत्र प्रोसेसर आणि मेमरी होती; म्हणजे संगणकाबरोबर जणू दुसरा छोटा संगणकच घ्यायचा. स्पेक्ट्रमसाठी १९८३ मध्ये आलेला मायक्रोड्राइव्ह ४९.९५ पौंडांचा, आणि तो जोडायला लागणारा इंटरफेस त्याच्याबरोबरच घेतल्यास २९.९५ पौंडांचा. ४८ केच्या यंत्रासह बेरीज २०९.८५ पौंड होते, जी ड्राइव्ह नसलेल्या बीबीसीच्या निम्म्याच्या आसपास आहे. मात्र मायक्रोड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसून टेपचे बारीक वेटोळे असे, आणि महत्त्वाची फाइल मी तरी त्याच्या एकाच प्रतीवर सोडली नसती.

माझे मत विचाराल तर खेळ आणि 'बेसिक' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणे एवढाच हेतू असेल, तर सगळा खर्च धरूनही स्पेक्ट्रमच स्वस्त पडत असे, विशेषतः १९८४ पासून ब्रिटनमध्ये १.९९ पौंडांचे खेळ कॅसेटवर मिळू लागल्यावर. लेखन, हिशेब किंवा शाळेचे काम करायचे असेल, तर तुलनेत मी बीबीसीची बाजू घेईन. आपल्याकडे शाळांत संगणकाची ओळख करून देणाऱ्या सरकारी 'क्लास' प्रकल्पात शाळांना हेच यंत्र दिले होते, आणि मुलांच्या हाताखाली दिवसभर चालणाऱ्या यंत्राला दणकट कळफलक लागतो.

आपल्या तक्त्यात दुरुस्तीचा रकाना अवश्य ठेवा. माझ्या यंत्राच्या कळफलकाखालच्या पडद्याची पट्टी उन्हाळ्यांनी कडक होऊन सॉकेटपाशी तडकली आणि एका ओळीतल्या पाच कळा एकदम मुक्या झाल्या. मी पट्टीचे टोक कात्रीने कापून उरलेला भाग पुन्हा खोचला. तसे दोनदा करता आले. तिसऱ्यांदा पट्टी सॉकेटपर्यंत पोहोचली नाही, आणि नवा पडदा गावात कुठेच मिळाला नाही.