आधी वेळ लिही

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावी नागरी हक्कांची समिती काढायची म्हणतोय, असं तुझं पत्र आलं. सोबत ठरावाचा मसुदा आणि लेटरहेडचा नमुनाही होता. लेटरहेडचं नंतर बघू. आधी एवढं ठरव की तुझी समिती नेमकी कशासाठी हवी आहे. कोर्टात लढायला वकील आहेत, मोर्चे काढायला पक्ष आणि संघटना आहेत, निवेदनं काढायला मुंबई-दिल्लीत माणसं आहेत. तुमच्याकडे यांतल्या कुणाकडेच नसलेली एक गोष्ट आहे: तुम्ही पोलीस ठाण्यापासून पंधरा मिनिटांवर राहता. त्यामुळे तुमचं खरं काम कुणाला पोलिसांनी नेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतलं आहे, आणि ते भाषणाचं नाही. वेळ बघून लिहून ठेवण्याचं आहे.

माणसं सात ते अकरा पुरेत. एक-दोन फौजदारी वकील, एक डॉक्टर आणि किमान तीन स्त्रिया हव्यात. बाकीच्यांना रात्री फोन उचलायची सवय असली म्हणजे झालं. आठवड्याची पाळी लाव, दर आठवड्याला दोघं. महिन्याला माणशी शंभर रुपये काढा आणि जमाखर्च एका वहीत सगळ्यांसमोर वाचा. नोंदणीच्या मागे लगेच लागू नकोस. 1860 च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी केली की इथे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदाही लागतो, दरवर्षी ऑडिट येतं, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. ते न जमल्यामुळे कागदावरच अडकून पडलेल्या संस्था प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. सुरुवातीला एखाद्या जुन्या संघटनेची शाखा म्हणून काम करणं सोपं. आणीबाणीत, 1976 साली जयप्रकाशांच्या पुढाकाराने पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) ही नागरी हक्कांची संघटना उभी राहिली, त्यात मूळचे सासवडचे न्यायमूर्ती तारकुंडे होते. 1980 मध्ये तिने सभासदांच्या संघटनेचं रूप घेतलं. अशी संघटना मोठ्या नावांवर टिकत नाही. शाखेची बैठक दर महिन्याला होते की नाही, यावर तिचं आयुष्य ठरतं.

आता फोन येतो तेव्हा काय करायचं ते सांगते. फोन बहुतेक रात्री येतो आणि पलीकडचं माणूस रडत असतं किंवा ओरडत असतं. पहिला प्रश्न वयाचा विचार. अठराच्या आतलं मूल असेल तर सगळा रस्ताच बदलतो. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. मग विचार: किती वाजता नेलं, कोणत्या गाडीतून, गणवेश होता का, कुणी पाहिलं, आजारपण किंवा रोजचं औषध आहे का. औषधाची चिठ्ठी घरच्यांकडून लगेच मागवून घे. मधुमेहाच्या किंवा फिट येणाऱ्या माणसाला रात्रभर औषध न मिळणं हा कोठडीतला सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित धोका आहे.

ठाण्यात दोघांनीच जायचं. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. स्त्रीला आणलं असेल तर दोघांत एक स्त्री हवीच. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने आधी न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. वीस जण घेऊन गेलात तर पोलिसांना गर्दीचं निमित्त मिळतं, आणि वीस जणांत कुणीच लिहीत नाही.

वही पानांवर आकडे घातलेली, शिवलेली असावी. त्यात असं लिहायचं:

मंगळवार. रात्री 9.40. शेजाऱ्यांचा फोन. त्यांच्या सांगण्याप्रमाणे 9.15 ला साध्या वेशातले दोघे, गणवेशातला एक, पांढरी बोलेरो. 10.20. ठाण्यात पोचलो. ठाणे अंमलदार म्हणाले, ‘चौकशीला आणलंय, अटक नाही.’ बक्कल नंबर लिहून घेतला. 10.35. अर्ज दिला, पोच मिळाली.

इतकंच. ‘दडपशाही’, ‘अमानुष’ असे शब्द वहीत नकोत. शेजाऱ्यांनी सांगितलेलं ते शेजाऱ्यांच्या नावावर, आपण पाहिलेलं ते आपल्या नावावर. याचं कारण नीट समजून घे. दुसऱ्या दिवशी अटकेच्या कागदावर वेळ सकाळी अकराची पडू शकते. मधले जवळजवळ चौदा तास मग कुठल्याच सरकारी कागदात राहत नाहीत, आणि मारहाण होते ती बहुधा त्याच तासांत. घटनेच्या बाविसाव्या कलमातले चोवीस तास माणसाला अडवून ठेवलं तिथून मोजायचे, नोंद केली तिथून नाही. मुंबई उच्च न्यायालयाने माणसाची हालचाल रोखली की अटक सुरू होते, असंच मानलं आहे. पण 9.15 सिद्ध करायला कोर्टाला कागद लागतो, आणि तो तुमच्या वहीशिवाय दुसरीकडे नसतो.

अर्ज तीन-चार ओळींचाच कर: अमुक व्यक्तीला अमुक वेळी आपल्या ठाण्यात आणल्याचं समजतं, अटक असल्यास गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं कळवावीत, नातेवाईक व वकिलांना भेटू द्यावं, वैद्यकीय तपासणी करावी. दोन प्रती, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ. पोच नाकारली तर वाद घालू नकोस. प्रतीच्या मागे ‘अमुक वाजता अर्ज दिला, पोच देण्यास नकार’ असं लिहून दोघांनी सह्या करा, फोटो काढून पोलीस अधीक्षकांच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि 112 ला फोन करा, म्हणजे कॉलची वेळ तिथे नोंदली जाते. पूर्वी याच कामासाठी तार करत. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली. वेळेचा सरकारी शिक्का तिच्याइतक्या सहज देणारी सोय पुन्हा झाली नाही, म्हणून आता तीन ठिकाणी खूण ठेवावी लागते.

‘चौकशीला बोलावलंय’ असं सांगितलं की शांतपणे नोटीस मागायची. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, कलमांचे जुने आकडे विसर. आरोपीला हजर राहायला सांगायचं तर कलम 35(3) ची नोटीस, साक्षीदाराला बोलवायचं तर 179 ची, आणि दोन्ही लेखी. साक्षीदार म्हणून स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढची आणि गंभीर आजारी माणसं यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, त्यांच्याकडे घरीच जावं लागतं. अटक दाखवली असेल तर डी. के. बसू खटल्याची यादी काढ. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात अकरा सूचना दिल्या. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा भागातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, आरोपीने मागितल्यास अंगावरच्या जखमांची नोंद. यांतल्या बऱ्याच गोष्टी आता संहितेतच आहेत. या यादीची मराठी प्रत, दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, कोरं वकीलपत्र आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर एका फाइलमध्ये कायम तयार ठेव. मोबाइल जप्त झाला की पाठ नसलेले सगळे नंबर गेले.

रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी मागायला पोलीस आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेतात तेव्हा, वकील हवाच. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत, रिमांडला हजर करण्याच्या किमान दोन तास आधी मिळालीच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. वकिलाने पहिल्यांदा तोच कागद मागावा. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न न्यायदंडाधिकारी विचारतात तेव्हा पोलीस शेजारीच उभे असतात. आरोपी ‘नाही’ म्हणतो, आणि ते ‘नाही’ पुढे वर्षानुवर्षं आडवं येतं. म्हणून वकिलाने आधी दोन मिनिटं एकट्याने बोलू द्यायची विनंती करावी आणि जखम कुठे, कशाने, ते अर्जात लिहून द्यावं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन 15100. चोवीस तास उलटूनही हजर केलं नाही तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे अडवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, त्यामुळे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना आता मुंबई गाठावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यातच आणखी एक अर्ज टाक: ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2020 च्या निकालाप्रमाणे कॅमेरे प्रवेशद्वारापासून लॉकअपपर्यंत सगळीकडे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी राहायला हवं. प्रत्यक्षात ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर फार लवकर येतं. अर्जात कोणता कॅमेरा, किती ते किती, हे लिहिलं की ते उत्तर देणाऱ्याला कधीपासून बंद होता हेही सांगावं लागतं. माहिती अधिकारात जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर उत्तर 48 तासांत द्यावं लागतं. ते वाक्य अर्जाच्या वरच ठळक लिही. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांचा आणि एकाच विषयाचा, तेवढं सांभाळ.

अटकेइतकीच, किंबहुना जास्त कामं नोटिसांची येतील. आंदोलनाच्या आदल्या दिवशी, गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांची ‘149 ची नोटीस’ यायची, ती आता नव्या संहितेच्या 168 ची. लोक ती बंदीहुकूम समजून घरी बसतात. ती बंदी नव्हे. लेखी उत्तर द्यायचं: कार्यक्रम कुठे, किती वाजता, शांततेने होणार, आयोजक कोण. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37(3) खालचा जमावबंदी आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे टिकत नाही. कित्येक जिल्ह्यांत तो दर पंधरवड्याला नवा निघतो. प्रत्येक आदेशाची प्रत फाइलला लावत जा. वर्षभराच्या प्रती एकत्र ठेवल्या की काय चाललंय ते कुणालाही दिसतं. ‘चॅप्टर केस’मध्ये, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याच्या कारवाईत, तहसीलदारांपुढे बंधपत्र लिहून देताना माणूस ‘सही करून सुटू या’ म्हणतो. सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि अटी मोठ्याने वाचून दाखव. मोडलं तर पैसे त्याच्याच खिशातून जाणार आहेत.

तडीपारीची नोटीस मात्र कधीही हलक्यात घेऊ नकोस. हद्दपारी दोन वर्षांपर्यंत असू शकते, म्हणजे मजुरी, शेत, मुलांची शाळा, सगळं सोडून जायचं. त्याच पोलीस कायद्याच्या कलम 59 प्रमाणे आरोपांचं स्वरूप लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस हातात आली की उलट्या क्रमाने वाच: आधी गुन्ह्यांची यादी, मग कारणं. किती गुन्हे दहा वर्षांपूर्वीचे, किती निकाली, किती निर्दोष सुटलेले, प्रत्येकापुढे लिही. ‘गोपनीय साक्षीदार’ असतील तर त्यांच्या म्हणण्यातला काळ आणि ठिकाण तरी दिलंय का ते पाहा. हद्दपारी हा अपवादात्मक उपाय आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आदेश झालाच तर अपील शासनाकडे, तीस दिवसांत. ही मुदत चुकते, कारण माणूस तोवर परक्या जिल्ह्यात खोली शोधत फिरत असतो. अपिलाची जबाबदारी म्हणूनच समितीतल्या एकाच्या नावावर टाक.

सत्यशोधनाला जाल तेव्हा तीन ते पाच जण, त्यात एक तरी स्त्री, आणि घटनेनंतर दहा दिवसांच्या आत. जबाब एकेकट्याचे घ्या. चावडीवर सगळ्यांसमोर विचारलं की पहिला बोलतो तेच बाकीचे बोलतात. पोलिसांची आणि तहसीलदारांची बाजू लेखी मागा आणि नकार मिळाला तर नकारही छापा. अहवालात ‘आम्हाला हे सिद्ध करता आलं नाही’ असा भाग हवाच. चाळीस घरं जळली असतील तर चाळीसच लिहा, शंभर लिहिलंत की चाळीसही खोटी ठरतात. अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव, मुलाचं नाव, ओळख पटेल असा पत्ता कुठेही येता कामा नये. तो गुन्हाही आहे आणि त्या घराला पुन्हा उघडं पाडणंही आहे. व्हिडिओ मिळाला तर मूळ फोनमधली फाइल जपा. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत दाबली जाते आणि तिचा मूळ तपशील पुसला जातो. कोर्टात अशा फाइलसाठी नव्या साक्ष कायद्याच्या 63(4) चं प्रमाणपत्र लागतं, ते देणारा माणूस आजच ठरवा.

कोठडीत मृत्यू झाला तर नव्या संहितेच्या कलम 196 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि शक्य तिथे नातेवाइकांना हजर राहू द्यावं लागतं. घरच्यांनी शवविच्छेदनाचं चित्रीकरण लेखी मागावं, प्रेत ताब्यात घेण्याआधी अंगावरच्या खुणा पाहाव्यात. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये विधी शाखेचा एक तरुण न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडून यायला जुलै 2025 उजाडला. एवढा काळ त्या घराबरोबर राहणारी माणसं लागतात. मानवी हक्क आयोगाकडे जायला फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे.

समित्या बाहेरच्या दडपणाने मोडतात त्याहून जास्त आतून मोडतात. निवडणूक आली की एखादा सभासद समितीचं नाव प्रचारात वापरतो. ‘आपल्या’ माणसासाठी धावपळ होते आणि दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या पक्षाच्या माणसासाठी ‘बघू’ म्हटलं जातं. तुझ्या गावात ज्याच्याशी तुझं पटत नाही, त्याच्याच घरून पहिला फोन येईल, असं धरून चाल आणि त्या रात्री कोण जाणार ते आत्ताच्या बैठकीत ठरव. आणखी एक गोष्ट सांभाळ: घरच्यांना ‘उद्या सुटेल’ असं कुणीही म्हणायचं नाही. पुढची तारीख कोणती, कोणत्या कोर्टात, वकिलाला किती वाजता भेटायचं, एवढंच सांगायचं. तिसऱ्या महिन्यानंतर गर्दी ओसरते. जामिनाला जामीनदार मिळत नाही, सातबारा देणारे पाहुणे मागे सरकतात. प्रत्येक प्रकरणाचं वहीत स्वतंत्र पान ठेव, वर पुढची तारीख पेन्सिलने लिही, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी एक फोन कर.

पहिल्या बैठकीआधी एवढं करून ये: तुमच्या ठाण्याचा, प्रांत कार्यालयाचा आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाचा ईमेल प्रत्यक्ष विचारून घे, ठाण्यात अटकेतल्यांच्या नावांचा फलक लावलाय का ते बघ. कायद्याने तो लावायलाच हवा. नसेल तर तोच तुमचा पहिला अर्ज.

तुझी,
एक जुनी सहकारी