जुन्या पिकअपमध्ये काटा अर्धी टाकी दाखवतो आणि पेट्रोल संपलेलं असतं, फ्लोट बदलू की मीटर?

दोन्ही बदलू नका. निदान आज तरी नका. आधी टाकीची अर्थ वायर, म्हणजे करंट परत बॅटरीकडे नेणारी वायर, चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जिथे बोल्टने आवळलेली असते तो जोड बघा. तुम्ही लिहिलंय की काटा अर्ध्यावर असताना गाडी पेट्रोल संपून बंद पडली आणि घरचे म्हणाले, जुन्या गाडीचा काटा बघून चालवतोसच कशाला. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून कित्येक वर्षं ऐकलंय.

दादाचं घर हलवत होतो. आमची पिकअप तेव्हाच वीस वर्षांची होती, कार्बोरेटरवाली. हौद्यात कपाट, गाद्या, भांडी आणि मागच्या बाजूला बाबांच्या वह्यांची पत्र्याची पेटी. निघालो तेव्हा काटा अर्ध्याच्या किंचित खाली होता. मी बघितला, दादानेही बघितला. अंधार पडल्यावर दिवे लावले तर काटा थोडा वर सरकला, मला वाटलं रस्ता सपाट लागला म्हणून असेल. मग चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद. पाऊस सुरू झालेला. काटा अर्ध्यावर असताना पेट्रोल संपलं असेल हे डोक्यातच येत नाही, त्यामुळे मी दोन तास डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुस, प्लग काढ, कार्बोरेटर उघड हेच करत बसलो, दादा टॉर्च धरून उभा. शेवटी वैतागून खाली वाकून टाकीवर मूठ आपटली तर ती रिकाम्या पिंपासारखी घुमली. पेट्रोलचा कॅन येईपर्यंत ताडपत्री एका बाजूने सुटली होती आणि पेटीत पाणी गेलं. वह्या बाबांच्या हातच्या होत्या, शाईच्या पेनने लिहिलेल्या. त्यातल्या निम्म्या गेल्या.

दादा त्या रात्री एवढंच म्हणाला, "पेट्रोल टाक म्हणून सांगितलं होतं तुला." सांगितलं नव्हतं. पण वह्यांचं नाव निघालं की अजूनही घरात तेच वाक्य येतं.

पुढे गाडी मेकॅनिककडे दिली. त्याने काही न मोजता सांगितलं फ्लोट गेलाय, टाकी उतरवली, नवीन सेंडर बसवला, म्हणजे फ्लोटसकट तो अख्खा भाग जो टाकीतली पातळी मीटरला कळवतो. दहा दिवस काटा एकदम बरोबर, अकराव्या दिवशी परत तेच. मग म्हणाला मीटर गेलाय. मीटर बदलला, काहीही फरक नाही. न मोजता पार्ट बदलणाऱ्याला मी मेकॅनिक मानत नाही, कोणाला वाईट वाटलं तरी. आणि ते दहा दिवस का बरे गेले हे मला फार उशिरा कळलं, टाकी काढता-घालताना अर्थचा बोल्ट सुटला आणि परत आवळला गेला, त्यात जोडावरचा गंज थोडा घासला गेला, बाकी काही नाही. नवीन पार्टने नाही, पान्याने गाडी बरी झाली होती. पार्ट बदलल्यावर बरं वाटलं म्हणजे तोच पार्ट खराब होता असं नसतं, हे मी तेव्हापासून दादाला समजावतोय.

मल्टिमीटर आणून मी स्वतः खाली झोपलो तेव्हा सापडलं. सेंडरच्या बॉडीपासून चेसिसपर्यंत रेझिस्टन्स जिथे जवळपास शून्य यायला पाहिजे तिथे ३८ ओहम आले. आता आमच्या गाडीचा सेंडर टाकी रिकामी असताना शून्याच्या आसपास आणि फुल्ल असताना ९० ओहम देणारा. म्हणजे टाकी कोरडी असली तरी मीटरला ३८ दिसणार आणि काटा अर्ध्याच्या जवळ जाऊन थांबणार. मीटरला पेट्रोल दिसत नाही हो, त्याला फक्त त्या वायरीतला रेझिस्टन्स दिसतो, मग तो फ्लोटचा असो नाहीतर गंजाचा. दिवे लावल्यावर काटा वर का जायचा तेही तिथेच कळलं, मागच्या दिव्यांची अर्थ त्याच बोल्टवर होती, त्यांचा करंटही त्याच गंजातून जायचा आणि मीटरला रेझिस्टन्स आणखी वाढल्यासारखा दिसायचा. बोल्ट काढला, रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन वॉशर टाकून आवळला. काटा खाली आला तो आजपर्यंत जागेवर आहे.

आणि एक खूण आमच्या समोर वर्षभर होती. टाकी फुल्ल केली की काटा एफच्या पलीकडे जायचा. आम्ही म्हणायचो, बघ, शेवटच्या थेंबापर्यंत भरली. खरं तर ती गाडी तेव्हाच ओरडून सांगत होती.

तर तुम्ही असं करा. टाकीजवळ सेंडरची वायर सुटी करा आणि चावी फिरवून काटा बघा, मग तीच वायर चेसिसला क्षणभर टेकवून बघा. काटा एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला गेला तर मीटर आणि वायरिंग ठीक आहे, गडबड टाकीकडे आहे. क्षणभरच म्हणतोय, काही जुने मीटर तापणाऱ्या पट्टीचे असतात, थेट अर्थ धरून ठेवली तर जळतात. मग वायर परत लावा, एक लांब वायर घ्या, एक टोक सेंडरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. काटा लगेच हलून बरोबर जागी आला तर अर्थच गेलीय, विषय संपला. यात टाकीकडचं टोक आधी लावायचं आणि बॅटरीकडचं नंतर, ठिणगी उडालीच तर टाकीपासून लांब उडावी.

कुठलं टोक कधी येणार ते गाडीवर आहे. जनरल मोटर्सच्या १९६५ ते १९९७ च्या बहुतेक गाड्या शून्य ते ९० वाल्या, त्यात वायर सुटी केली की काटा फुल्लकडे जातो. १९८७ च्या आधीच्या फोर्ड उलट्या, रिकामी ७३ आणि फुल्ल १० ओहम, त्यात सुटी केली की रिकामी. त्यामुळे त्या फोर्डमध्ये अर्थ खराब झाली तर काटा कमी दाखवतो, जास्त नाही. तशी तुमची गाडी असेल आणि जास्त दाखवत असेल तर माझं निदान तुमच्याकडे चालणार नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. आणि बाजारात मिळणारे सगळ्यांना चालणारे सेंडर बरेचदा रिकामी २४० आणि फुल्ल ३३ ओहमचे असतात. ते डोळे झाकून बसवले तर ९० वाल्या मीटरवर रिकामी टाकी फुल्ल दिसेल.

तापमानाचा काटाही सोबत वेडावाकडा चालत असेल तर टाकीकडे जाऊच नका. जुन्या फोर्डसारख्या गाड्यांत दोन्ही मीटरना एकच व्होल्टेज रेग्युलेटर असतो, तो गेलेला असणार. काटा एकाच ठिकाणी उड्या मारत असेल तर सेंडरमधली पट्टी तिथे झिजलीय, तिथे मात्र सेंडर बदलावाच लागतो. आणि कायम रिकामीच दाखवत असेल तर पितळी फ्लोटला भोक पडून तो बुडालेला असू शकतो, हलवून बघा, आत पेट्रोल डचमळतं.

टाकी उतरवायची वेळ आलीच तर आधी विचार करा, बऱ्याच पिकअपमध्ये हौद्याचे बोल्ट काढून हौदा उचलणं सोपं पडतं, दोन-तीन माणसं हवीत. उघड्यावर करा, बॅटरी काढून करा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंग, हँडलॅम्प, विडी काही नको.

दादाला मी ते ३८ ओहम मल्टिमीटरवर दाखवले होते, बोल्ट घासायच्या आधी. त्याने बघितले आणि म्हणाला, तरी निघायच्या आधी टाकीत काठी घालून बघायला काय झालं होतं. घरचे तुम्हालाही हेच म्हणतील. काट्याशिवायही अंदाज ठेवायची सवय चांगली आहे, मीही आता किलोमीटर लिहून ठेवतो, ते त्याचं बरोबर आहे. पण काटा बघून गाडी चालवणारा माणूस निष्काळजी नसतो, काटा त्याच्यासाठीच लावलेला असतो. दादा, तू हे वाचत असशील तर त्या रात्री तूही तोच काटा बघितला होतास.

आणि तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिलीय. टाकी फुल्ल केल्यावर काटा कुठे थांबतो? एफवर, की त्याच्या पलीकडे? तेवढं बघून सांगा.