आईंचा रिमोट दीड हजारात होईल, पण विम्याचा हप्ता कार्डावर कशाला?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३९, पीथमपूरला नोकरी, हातात महिना ६२,००० रुपये. ते आणि पत्नी कामावर गेले की पंचाहत्तरीच्या आई घरी एकट्या. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार असे तीन रिमोट. आई भलतंच बटण दाबतात, चित्र जातं आणि भर कामात फोन येतो. ते लिहितात:

"महाराणी रोडवरच्या दुकानदाराने सगळं मोबाइलवरून चालेल असं पॅकेज ४२,००० ला सांगितलंय. १२ महिने नो-कॉस्ट ईएमआय. घ्यावं, की स्वस्तातला लर्निंग रिमोट पुरेल? पैशांची तशी अडचण नाही. क्रेडिट कार्डावर १ लाख १२ हजार बाकी आहेत, त्यातले बहुतेक विम्याच्या हप्त्याचे. बिलातली किमान रक्कम, म्हणजे मिनिमम ५,६००, वेळेवर भरतो. ३ लाखांची एफडीही आहे."

आधी रिमोट. पॅकेज घेऊ नका. पाच-सहाशे रुपयांचा मोठ्या बटणांचा लर्निंग रिमोट आणा. जुना रिमोट त्याच्या तोंडाशी तोंड लावून धरायचा आणि एकेक बटण शिकवायचं. फक्त चालू-बंद, चॅनेल आणि आवाज एवढंच शिकवा. ज्या 'सोर्स' बटणामुळे चित्र जातं ते शिकवूच नका, म्हणजे निम्मे फोन थांबतील. उरलेल्यांसाठी हजाराच्या आतबाहेर वाय-फायवर चालणारा इन्फ्रारेड ब्लास्टर मिळतो, म्हणजे फोनवरचा आदेश रिमोटसारखा टीव्हीकडे पाठवणारी छोटी डबी. तो टीव्ही आणि बॉक्स दोन्ही दिसतील असा समोर ठेवा, कारण इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही. मग पीथमपूरहून फोनवर चॅनेल लावून देता येईल. बहुतेक ब्लास्टर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच जोडले जातात, राउटरवर तेवढं बघा. अडचण एकच: आदेश एकाच दिशेने जातो. टीव्ही चालू आहे की बंद, हे तुमच्या फोनला कळत नाही, आणि चालू-बंदचं बटण बहुधा एकच असतं. म्हणून ते दाबण्याआधी आईंना विचारा. ब्लूटूथवर चालणारा रिमोट असेल तर तो मात्र यात शिकवता येत नाही.

आता पत्रातल्या त्या ओळीकडे येते, कारण ती वाचून मी अस्वस्थ झाले. "पैशांची अडचण नाही" असं लिहून लगेच पुढे तुम्ही मिनिमम भरत असल्याचं लिहिलंय. तुमच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के आहे. म्हणजे १ लाख १२ हजारांवर ३,९०० व्याज आणि त्यावर जीएसटी ७००. तुम्ही भरता ५,६००, त्यातले ४,६०० तिथेच जिरतात आणि मुद्दल जेमतेम हजाराने कमी होतं. शिवाय थकबाकी असताना त्या कार्डावर नवी खरेदी केलीत तर तिला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आणि हे कर्ज कशासाठी? तुम्ही जोडलेला कागद पाहिला. बँकेतल्या मॅडमनी दिलेली पॉलिसी: दहा वर्षं दरसाल १ लाख, विसाव्या वर्षाअखेर २० लाख, विमा १० लाखांचा. "दुप्पट होतात" असं त्यांनी सांगितलं आणि तुम्ही मान डोलावलीत. दुप्पट खरंच होतात, पण सरासरी साडेपंधरा वर्षांनी (पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा). त्याचा दर निघतो वर्षाला साडेचार टक्के. तिसरा हप्ता "पॉइंटही मिळतील" म्हणून कार्डावर भरायला लावला. त्या एका लाखावर पॉलिसी वर्षभरात जेवढं कमावून देईल, तेवढं कार्ड एका महिन्यात घेऊन जातं. असं विकणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. ग्राहकाचा पगार आणि कार्डाचं बिल दोन्ही त्यांच्यासमोर असतं, तरीही हा सल्ला दिला जातो.

उद्याच एफडीतले १ लाख १२ हजार काढा आणि कार्ड पूर्ण फेडा. "आईच्या आजारपणासाठी ठेवलीय, मोडवत नाही" असं तुम्ही लिहिलंय. भावना समजते. पण सात टक्क्यांची एफडी जपण्यासाठी पन्नास टक्क्यांच्या आसपासचं कर्ज पोसणं आईंच्या काय कामाचं? मोडल्याने वर्षाचे सात-आठ हजार व्याज आणि थोडा दंड जाईल, वाचतील पंचावन्न हजार. जे ५,६०० कार्डाला देत होतात ते दरमहा आवर्ती ठेवीत टाका, वीस महिन्यांत खड्डा भरून निघेल. तोवर १ लाख ८८ हजार आईंसाठी आहेतच.

पुढच्या हप्त्याला आठ महिने आहेत. तेवढ्यात विमा कंपनीकडून (मॅडमकडून नव्हे) दोन आकडे लेखी मागवा: आज पॉलिसी सोडली तर किती मिळतील आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर विसाव्या वर्षी किती. तीन हप्ते भरलेत, म्हणजे पेड-अप साधारण सहा लाखांच्या जवळ असावं. समजा तेवढं आलं. उरलेली सात वर्षं त्या एका लाखातले ८०,००० पीपीएफमध्ये टाका आणि २०,००० च्या आत एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. तो टिकला तर त्याच विसाव्या वर्षी साडेचौदा लाखांच्या वर जमतात. त्यात सहा मिळवा, वीस लाख झालेच. रक्कम तीच, पण मधल्या काळात तुम्हाला काही झालं तर पत्नी, मुलगी आणि आईंच्या हाती दहा लाखांऐवजी एक कोटी येतील. सात वर्षांनी टर्मचा हप्ता पगारातून चालू ठेवा, पीपीएफची मुदत पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. फक्त क्रम चुकवू नका: टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच जुनीचा हप्ता थांबवा. पेड-अपचा आकडा फारच कमी आला तर मला पुन्हा लिहा, हिशेब नव्याने मांडू.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल एवढंच: व्याज असतंच, दुकान तेवढी सूट दाखवतं आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी येतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. ४२,००० चे महिना ३,५०० त्याच कार्डाच्या बिलात चढले असते.

रिमोट मात्र या रविवारीच आणा, आणि रोख पैसे देऊन. शिकवण्याआधी जुन्या रिमोटमध्ये नवे सेल घाला, सेल उतरलेले असले की नक्कल नीट उतरत नाही. नंतर जुने रिमोट फेकू नका. नवा बिघडला तर त्याच्या जागी येणाऱ्याला शिकवायला तेच लागतील.