आधी जहाजाकडे बघ

शहापूर, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. खानापूरहून कॉलेजला येता-जाता रेल्वेत, मोबाईलवर, दोन दिवसांत तुकड्यातुकड्याने 'इव्हेंट होरायझन' हा अंतराळातला इंग्रजी भयपट पाहिलास, त्यात रक्तच जास्त दिसले, आणि एवढ्या वर्षांनंतरही लोक या चित्रपटाला का धरून बसले आहेत ते कळले नाही, असे तू लिहिले आहेस. त्याच्यावर लेख लिहायचा आहे म्हणतोस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी तो पहिल्यांदा पाहिला तो खडेबाजारातून भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर, भर पावसाळ्यात, एका मित्राच्या घरी. पहिली चकती संपल्यावर दुसरी घालायला उठावे लागले, तेव्हा आम्हा चौघांपैकी कोणीही एक शब्द बोलले नाही, हे मला अजून स्पष्ट आठवते.

कथा तुला माहीत आहे, ती लेखात दोन वाक्यांत उरक. २०४० साली पहिल्याच उड्डाणात नाहीसे झालेले एक अंतराळ-जहाज सात वर्षांनी नेपच्यूनपाशी पुन्हा प्रकटते, आणि कॅप्टन मिलरची बचाव तुकडी त्या जहाजाचा निर्माता डॉ. वेअर याला बरोबर घेऊन तिथे जाते. एक गोष्ट मात्र कथेच्या ओघात सांगितलीच पाहिजे. नेपच्यून सूर्यापासून सुमारे साडेचार अब्ज किलोमीटरवर आहे, तिथून प्रकाशालासुद्धा आपल्यापर्यंत यायला चार तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे मदतीसाठी हाक मारली, तर नुसते उत्तर यायला आठ तासांच्या वर जातात. हे गणित वाचकाच्या मनात बसले की त्या माणसांचे एकटेपण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. हा चित्रपट पाहताना माणसांच्या आधी जहाजाकडे बघ. दिग्दर्शक पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन आणि त्याच्या कलादिग्दर्शकांनी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची रचना संगणकावर उतरवून घेतली आणि तिचे मनोरे, खांब व कमानी सुट्या करून त्यांतून हे जहाज जुळवले. मी पॅरिस पाहिलेले नाही, तूही नाहीस. पण आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती आपण दोघांनीही पाहिली आहे. १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलेल्या त्या जिनालयात तू शेवटचा गेलास तेव्हाचे आठवून बघ. बाहेर लख्ख ऊन असते, मंडपात छतावरून खाली उमललेले दगडी कमळ असते, तिथवर सगळे दिसते. पुढे प्रत्येक पावलागणिक उजेड कमी होत जातो, तळपायाला दगड गार लागू लागतो, आपला आवाज आपोआप खाली येतो, आणि डोळे सरावेपर्यंत क्षणभर थांबावेच लागते. माणसाला लहान करत करत, बाहेरच्या जगापासून सोडवत आत नेणे ही बांधणाऱ्याची योजना असते. शेवटी नेमिनाथांच्या मूर्तीपाशी पोचल्यावर त्या लहान होण्याचे शांततेत रूपांतर होते.

जहाजात नेमकी हीच वाट आहे. लांबच लांब मार्गिका, मग फिरत्या पात्यांसारख्या भिंतींचा तो बोगदा, आणि त्याच्या पलीकडे काट्यांनी भरलेल्या भिंतींचे गोल दालन, ज्याच्या मध्यभागी तीन कडी एकमेकांभोवती फिरत असतात. हा गाभारा आहे, आणि तिथे कोणाची स्थापना झाली आहे हे कोणालाही ठाऊक नाही. ज्याने तो बांधला त्या वेअरलाही ठाऊक नाही. ही जागा कोणीतरी पूजेसाठी बांधावी तशी बांधली आहे, हे आपल्याला कळण्याआधी आपल्या अंगाला कळते, आणि चित्रपटाची खरी भीती तिथून येते. तू ज्या रक्ताबद्दल लिहिले आहेस ते या भीतीवर नंतर चढवलेले आहे. मोबाईलच्या पडद्यावर रक्त दिसते, जागेची उंची दिसत नाही, म्हणून तुझे मत तसे झाले असावे.

नावाचा अर्थही लेखात येऊ दे. कृष्णविवराभोवतीच्या ज्या सीमेच्या आतून प्रकाशसुद्धा परत येऊ शकत नाही तिला घटना-क्षितिज, इंग्रजीत 'इव्हेंट होरायझन', म्हणतात. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर असेल तर ती सीमा केंद्रापासून साधारण तीन किलोमीटरवर असते. जहाजाचे यंत्र असेच कृष्णविवर तयार करून अवकाश दुमडते; ते समजावताना वेअर कागद दुमडतो, त्यातून पेन आरपार घालतो आणि दोन दूरची ठिकाणे कशी जवळ आणता येतात ते दाखवतो. मीही वर्गात अनेक वर्षे वहीचे पान दुमडून हेच दाखवले. आइनस्टाईन आणि रोझेन यांनी १९३५ साली मांडलेल्या, दोन दूरची ठिकाणे जोडणाऱ्या अशा पुलातून प्रकाशही पार होण्याआधी तो मिटून जातो, हे १९६२ साली फुलर आणि व्हीलर यांनी दाखवून दिले. पण या चित्रपटाला पुलाच्या पलीकडच्या टोकाशी कर्तव्य आहे, गणिताशी नाही, त्यामुळे त्या चुका मोजत बसू नकोस.

दुसरी गोष्ट भाषेची आहे आणि ती आपल्या भागातल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर कळावी अशी आहे. हरवलेल्या जहाजाकडून एक ध्वनिमुद्रित संदेश येतो. किंकाळ्यांच्या गदारोळात लॅटिन शब्द आहेत. तुकडीतला डॉक्टर, डी. जे., ते ऐकतो आणि 'लिबेराते मे', म्हणजे 'मला वाचवा', असा अर्थ सांगतो. बऱ्याच पुढे, जहाजात अडकल्यावर, तोच माणूस पुन्हा ऐकतो तेव्हा त्याच्या लक्षात येते की ते 'लिबेराते तुतेमेत' आहे, आणि पुढे 'एक्स इन्फेरिस' असेही शब्द आहेत: स्वतःला नरकातून वाचवा. बोलावणे वाटले होते तो इशारा निघतो.

मी तरुण असताना धारवाडच्या एका कन्नड मित्राचा ट्रंक कॉल आमच्या गल्लीतल्या दुकानात आला होता. लाईनवर खरखर होती. 'नाळे बरबे...' एवढे ऐकू आले आणि लाईन तुटली. मी 'बरबेकु' धरले, म्हणजे उद्या यायलाच हवे, आणि पहाटेच्या गाडीने गेलो. घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले की त्याच्या घरी मयत झाली होती आणि सगळे रात्रीच शिरसीला गेले होते. तो 'बरबेड' म्हणाला होता, येऊ नकोस. पहिली तीन अक्षरे तीच असतात, सगळा अर्थ शेवटच्या अक्षरात असतो. त्या बंद दारासमोर पिशवी हातात घेऊन उभे असताना पोटात जे झाले, ते मला डी. जे.चा चेहरा पाहताना पुन्हा झाले. दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या तुझ्यासारख्याने या दृश्यावर एक परिच्छेद तरी लिहिलाच पाहिजे. पुण्यामुंबईचा लेखक तो त्याच तऱ्हेने लिहू शकणार नाही.

तिसरी गोष्ट, सांगितलेले आणि दाखवलेले यांतला फरक ओळखायला शीक. मिलर एके ठिकाणी आपल्या जुन्या जहाजावरच्या आगीची हकिकत सांगतो. गुरुत्वाकर्षण नसताना आग द्रवासारखी पसरते असे तो म्हणतो, आणि एका तरुण सहकाऱ्याला मागे सोडून दार बंद करावे लागल्याचे सांगतो. त्या वेळी पडद्यावर फक्त लॉरेन्स फिशबर्नचा चेहरा आहे, आणि तो पुरतो. पुढे तोच जळणारा माणूस प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा धसका कमी बसतो, असे माझे मत आहे. हरवलेल्या जहाजावरच्या मूळ कर्मचाऱ्यांचे काय झाले ते दाखवणारी चित्रफीतही काही सेकंदांचीच आहे. ती मोबाईलवर थांबवून, एकेक चौकट मोठी करून पाहण्याचा मोह तुला झाला असेल. तसे करू नकोस. आपण नक्की काय पाहिले याची खात्री न होणे हाच तिचा परिणाम आहे, आणि थांबवल्यावर तो हाती राहत नाही.

तुकडीतल्या तरुण जस्टिनच्या प्रसंगाकडे मात्र बारकाईने बघ. तो अंतराळ-पोशाखाशिवाय हवाबंद कक्षात अडकतो आणि बाहेरचे दार उघडणार असते, तेव्हा मिलर त्याला फुप्फुसांतली सगळी हवा सोडून द्यायला आणि डोळे घट्ट मिटायला सांगतो. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे, कारण निर्वातात श्वास रोखून धरला तर फुप्फुसे फाटतात. १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखातली हवा अचानक गेली, सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली, आणि जिभेवरची लाळ उकळू लागल्याचे जाणवणे ही त्याची शेवटची आठवण होती. तो वाचला. चित्रपटातल्या रक्ताळलेल्या डोळ्यांपेक्षा ही उकळणारी लाळ मला जास्त भयंकर वाटते, पण मिलरचा त्या क्षणीचा आवाज खरा आहे. एकाला सोडून आलेला माणूस दुसऱ्याला सोडायला तयार नाही, एवढे त्या आवाजातून कळते.

दोष लपवू नकोस. शेवटच्या भागात मारामारी आणि स्फोट यांनी जहाजाची शांतता मोडते, तुकडीतल्या कूपरचे विनोद अस्थानी येतात, आणि वेअरमधला बदल फार घाईने होतो. या घाईमागचे कारण मात्र वाचकाला सांग. त्याच स्टुडिओचा 'टायटॅनिक' १९९७च्या जुलैत येणार होता तो डिसेंबरवर गेला, आणि मोकळी जागा भरण्यासाठी हा चित्रपट ऑगस्टमध्ये लावायचे ठरले, त्यामुळे संकलनाला पुरेसा वेळ उरला नाही. सुमारे १३० मिनिटांची पहिली प्रत कापून साधारण ९५ मिनिटांवर आणली गेली. सहा कोटी डॉलर खर्चून बनवलेल्या चित्रपटाने अमेरिकेत पावणेतीन कोटीही मिळवले नाहीत. पुढे डीव्हीडीवर लोकांनी तो शोधून शोधून पाहिला, तेव्हा कापलेले भाग परत जोडण्याचा विचार झाला, पण ते नीट जपलेच गेले नव्हते. न पाहिलेल्या त्या भागांविषयी लोक आजही बोलतात. त्यांची आठवण लेखात जरूर काढ, पण ते असते तर चित्रपट थोर ठरला असता असे लिहू नकोस. समोर जे आहे त्यावर बोल.

लिहायला बसण्याआधी एकदा घरच्या टीव्हीवर, रात्री, दिवे घालवून, मध्ये न उठता पाहा, आणि शेवटच्या दृश्यापाशी थांब. तुकडीतली स्टार्क वाचली आहे, माणसे तिला धरून शांत करत आहेत, कॅमेरा मागे मागे सरकतो आहे. मग समोरचे दार मिटते. ते मिटताना नीट बघ, मिटवायला तिथे कोणाचाही हात नाही. तुझा लेख त्या दारापासून सुरू झाला तर मला आवडेल. पहिला खर्डा झाला की पोस्टाने पाठव, समासात लिहायला जागा ठेव.

तुझा,
सर