वाचकांचे प्रश्न : कापसाचा भाव आणि सरकारी काटा

प्रश्न : आमची सात एकर कपाशी आहे. यंदा व्यापाऱ्याने हमीभावाच्या बराच खाली दर सांगितला, आणि सीसीआयच्या (केंद्राच्या भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नोंदणी, सातबारा, आधार आणि ओलावा यांतच महिना गेला. माझे वडील म्हणतात की, एकाधिकार खरेदी होती तेव्हा सरकार निदान सगळा कापूस घेत तरी होते, तीच योजना परत आणावी. मला उलट वाटते की सरकारने या धंद्यातून अंग काढून घ्यावे. आपले मत काय?
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. आडत्याच्या दारातली कटती, रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे भाव आणि सावकाराच्या वहीत आधीच लिहिला गेलेला कापूस ज्या पिढीने पाहिला, तिला एकाधिकार खरेदी ही सुटका वाटली, आणि तसे वाटण्यात काही चूक नव्हती. १९७१ च्या कायद्याने ही योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून ती सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस सरकारने नेमलेल्या संस्थेलाच घालायचा, तो दुसऱ्याला विकणे किंवा राज्याबाहेर नेणे हा गुन्हा, आणि त्या बदल्यात जाहीर झालेला भाव सर्वांना मिळणार, असा तो सौदा होता.

त्या सौद्याची दुसरी बाजू मी शाळकरी वयात पाहिली. आमच्या तालुक्याच्या केंद्राबाहेर काकांची बैलगाडी दोन रात्री रांगेत उभी होती. पौषातली थंडी, गाडीखाली अंथरलेले पोते, आणि पुढच्या गाडीचा बैल आमच्या गाडीतला कापूस ओढू नये म्हणून आळीपाळीने जागणारे आम्ही दोघे. तिसऱ्या दिवशी दहानंतर ग्रेडर आला. त्याने गाडीच्या कडेने कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर कापूस काढला, चिमटीत त्याचा धागा दोनदा ताणला आणि काकांकडे न पाहता चिठ्ठीवर प्रत लिहिली. काका एवढेच म्हणाले, "साहेब, पहिल्या वेचणीचा आहे." चिठ्ठी बदलली नाही. चुकारा हाती यायला संक्रांत उलटून गेली, आणि त्यातूनही सोसायटीच्या कर्जाची कपात झालेली होती. तो ग्रेडर वाईट माणूस होता असे मला आजही वाटत नाही. काकांना गाडी वळवून न्यायला दुसरे दारच नव्हते आणि हे त्या दोघांनाही पक्के ठाऊक होते, एवढेच.

योजना भ्रष्टाचाराने बुडाली असे सर्रास म्हटले जाते. भ्रष्टाचार होताच; पण माझे म्हणणे असे आहे की, ती संतांच्या हाती दिली असती तरी बुडाली असती. समजा, राज्याने क्विंटलला २००० रुपये भाव जाहीर केला आणि पैनगंगेपलीकडे व्यापारी २३०० रुपये देऊ लागला, तर तपासणी नाके कितीही बसवा, माल रात्रीतून नदी ओलांडणार. याउलट पलीकडचा भाव १७०० वर उतरला, की तिकडचाच कापूस इकडच्या कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून आमच्या केंद्रावर येणार. म्हणजे ज्या वर्षी योजनेला चार पैसे सुटायचे त्या वर्षी गोदाम रिकामे, आणि ज्या वर्षी तोटा ठरलेला त्या वर्षी आपला आणि परक्याचा मिळून गोदाम तुडुंब. भाव ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे होता, आणि तो चुकला तर मंत्रिमंडळातल्या कोणाच्याही खिशातून पै जात नव्हती. त्यामुळे निवडणुका जवळ आल्या की भाव वाढवून देण्याचा मोह आवरण्याचे कोणालाच कारण नव्हते. तोटा हजारो कोटींत गेला आणि २००२ च्या सुमारास खाजगी खरेदीला वाट मोकळी करून देण्यात आली. तोवर तीस हंगाम उलटले होते.

एका नुकसानीचा हिशेब मात्र कोणत्याच ताळेबंदात आला नाही. जिनिंगवाल्याला सरकारच्या कापसातली सरकी काढून रुई वेगळी करून देण्याची ठरावीक मजुरी मिळे. रुई स्वच्छ निघाली काय आणि तिच्यात कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस), पाने, सुतळीचे तुकडे राहिले काय, त्याच्या मिळकतीत फरक पडत नव्हता, मग नवी यंत्रे त्याने कशासाठी घ्यावीत? शेजारच्या गुजरातेत जिनिंग सुधारत गेले आणि आमच्याकडे जुनीच यंत्रे धुरळा उडवत राहिली. पुढे आमच्याकडेही कारखाने बदलले, पण खाजगी उद्योगाचे गोडवे गाताना हेही सांगायला हवे की त्या सुधारणेला २००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून अनुदान मिळत होते. सरकारी पैसा सगळाच वाया जातो असे माझे मत नाही.

आता आपल्या मताकडे वळतो. सरकारने अंग काढून घ्यावे हे मला मान्य आहे, पण कोणते अंग आधी, हा प्रश्न आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८११० रुपये हमीभाव जाहीर केला, आणि त्याच केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ करून ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात येण्याच्या ऐन वेळी परदेशी रुईची गाठ स्वस्त झाली. मार्च २०१२ मध्ये तर निर्यातीवर एका फटक्यात बंदी आली होती. आरडाओरड झाल्यावर आठवड्याभरात ती सैल करावी लागली, पण त्या दिवसांत ज्याने माल विकला त्याला ती सैल झाल्याचा काय उपयोग? शेतकरी संघटनेचे शरद जोशी ज्याला 'उणे सबसिडी' म्हणत ती हीच. एका हाताने भाव पाडायचा आणि दुसऱ्या हाताने तोच भाव सावरण्यासाठी खजिन्यातून खर्च करायचा, यातला पहिला हात सरकारने आधी मागे घ्यावा.

सीसीआयची केंद्रे मात्र मी आज लगेच बंद करा म्हणणार नाही. त्यांच्याही अटी जाचक आहेत. आठ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि बारा टक्क्यांवर माल परत, हे दिवाळीपूर्वीच्या ओलसर कापसाला झेपत नाही. पण आपण व्यापाऱ्याला नाही म्हणून केंद्रावर जाऊ शकता आणि केंद्राला नाही म्हणून व्यापाऱ्याकडे जाऊ शकता. माझ्या काकांना नेमके तेवढेच करता येत नव्हते, म्हणून वडिलांना माझा नमस्कार सांगून हेही सांगा की, केंद्र राहू द्यावे, एकाधिकार नको.

प्रश्न : आपण या सदरात सरकारी खर्चावर सतत टीका करता आणि खाजगी उद्योगाला झुकते माप देता. आम्ही कोकणातली माणसे खाजगी कंपनीचा अनुभव घेऊन बसलो आहोत. दाभोळच्या वीज प्रकल्पाचे काय झाले, हे आपण विसरलात काय?
– एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : विसरलेलो नाही, उलट माझा संशय पक्का झाला तो त्याच प्रकल्पामुळे. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे प्रतिनिधी आले आणि आठवडाभराच्या आत सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागवल्याच गेल्या नाहीत. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. त्याचे सार असे की, मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचा आकार, म्हणजे प्रकल्प तयार ठेवल्याचे ठरावीक पैसे, द्यायचा, दर डॉलरशी बांधलेला, म्हणजे रुपया घसरला की बिल वाढणार, पैसे थकले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्य सरकारही थकले तर केंद्राची प्रतिहमी. जागतिक बँकेने हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. पुण्याच्या 'प्रयास' गटाने कराराची चिरफाड करून आकडे मांडले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि थोड्याच काळात फेरवाटाघाटी करून तो पुन्हा जिवंत केला, तोही पहिल्यापेक्षा मोठ्या प्रकल्पासाठी.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज महाग म्हणून मंडळ ती कमी उचले, आणि कमी उचलली की ठरलेला आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन प्रत्येक युनिट आणखी महाग पडे. दुकानदाराने पूर्ण महिन्याचे दूध लावून घ्यावे आणि आपण चहा सोडावा, तरी बिल तेच. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला घेतली, मेअखेर प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मूळ कंपनीनेच दिवाळे जाहीर केले. २००५ मध्ये त्या सांगाड्याचा ताबा घ्यायला पुन्हा एनटीपीसी आणि गेल याच सार्वजनिक कंपन्यांना पुढे यावे लागले.

गुरुजी, यात कंपनीने खाजगी असे काय केले होते? गिऱ्हाईक शोधावे लागले नाही, भाव बाजारात ठरला नाही, गिऱ्हाइकाला नको म्हणण्याची सोय नव्हती आणि तोट्याला जामीन सरकार होते. कापूस एकाधिकारात शेतकऱ्याला दुसरे दार नव्हते, इथे वीज मंडळाला नव्हते. तिथे चुकीची किंमत खजिन्याने मोजली, इथेही खजिन्यानेच मोजायची असे लिहून घेतले गेले. पाटी कोणाच्या नावाची आहे हे मी फारसे पाहत नाही. अंदाज चुकला तर पैसे कोणाचे बुडणार, एवढे विचारतो, आणि उत्तर 'सरकारचे' असे आले की त्या उद्योजकाला मी उद्योजक मानत नाही. गुहागरात ज्यांनी जमिनी दिल्या आणि अंजनवेलच्या ज्या बायाबापड्यांनी मोर्चात लाठ्या खाल्ल्या, त्यांचा राग मला आजही रास्त वाटतो. तो खाजगीपणावर मात्र काढू नये.

प्रश्न : मग सरकारी नियमनाची गरजच काय? बियाण्यांचे दर ठरवणे, परवाने, तपासण्या हे सगळे मोडीत काढले तर चालेल का?
– एक कृषी पदवीधर, अकोट

उत्तर : दर ठरवणे आणि तपासणी करणे या दोन गोष्टी आपण एका दमात लिहिल्या आहेत, त्या वेगळ्या करू या.

बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या कपाशीच्या, ४५० ग्रॅमच्या पाकिटाचा दर २०१६ पासून केंद्र सरकार ठरवते. पहिल्या वर्षी तो ८०० रुपये होता आणि तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीचा हिस्सा १६३ वरून ४९ रुपयांवर आणला गेला. त्याच वर्षी कंपनीने तणनाशकाला सहनशील असलेल्या पुढच्या वाणाचा परवानगीसाठीचा अर्ज मागे घेतला. शेतकऱ्याची नड थांबली नाही. तसले वाण चोरून पसरले, आणि जून २०१९ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे लावून कायदा मोडला. आज ते पाकीट गावोगाव मिळते, पण पावतीशिवाय. दर बांधून आणि परवानगी रोखून सरकारने शेतकऱ्याचे चार पैसे वाचवले असतील. पण बियाणे उगवले नाही तर तक्रार करायला लागते ती पावती त्याच्या हातून गेली.

तपासणीची गोष्ट निराळी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत रोजाने फवारणीला जाणारे मजूर होते. कोणते औषध कशात मिसळले आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि बाटलीवरचा बारीक मजकूर त्यांच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. हा प्रश्न बाजार आपोआप सोडवत नाही, कारण औषध विकत घेणारा एक आणि ते नाकातोंडात जाणारा दुसरा. बियाण्याच्या पाकिटावरचा रुपया न् रुपया ठरवायला ज्या यंत्रणेला वेळ होता, तिला कीटकनाशकाच्या दुकानात कोणते मिश्रण कोणाच्या सल्ल्याने खपते आहे, हे पाहायला मात्र माणसे पडून राहू लागेपर्यंत सवड झाली नाही. निरीक्षकांची पदे वाढवायची असतील आणि त्यासाठी खर्च मागितला जात असेल, तर त्या एका खर्चाला या सदरातून विरोध होणार नाही. अट एवढीच की निरीक्षकाने दुकानातल्या टेबलाशी चहा घेऊन परत न जाता फवारणी चालू असलेल्या शेताच्या धुऱ्यापर्यंत यावे.