चौकशी सुरू आहे, तर गाडी चालवायची की नाही?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याच्या गाडीच्या मॉडेलबद्दल ब्रेकच्या तक्रारी आल्या म्हणून तिथल्या सरकारने चौकशी सुरू केली आहे. कंपनीने गाड्या परत बोलावलेल्या नाहीत. मुलगा म्हणतो, कधीकधी पेडल दगडासारखं कडक होतं; डीलर म्हणतो, काही दोष नाही. सून रोज नातीला त्याच गाडीतून शाळेत सोडते. मला इथे झोप लागत नाही. अशा चौकशीतून काही निघतं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, निघतं. पण आधी नातीचं बघू. पेडल खरोखर कडक होत असेल तर चौकशीच्या निकालासाठी थांबायचं नाही. कारण सापडेपर्यंत ती गाडी घरीच उभी राहू दे, हे सुनेला आजच फोन करून सांगा. चौकशी सुरू झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, हे खरं. पण डीलरला दोष दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असंही नव्हे. ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरी केली. ग्राहकांकडून परत आलेले भाग उघडून बघायचे, हे माझं काम. कॉम्प्युटरने ‘ओके’ म्हटलेल्या गाडीचा भाग टेबलावर उघडल्यावर वेगळंच सांगतो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

तिथे हे काम एनएचटीएसए नावाची सरकारी यंत्रणा करते. तिची प्राथमिक चौकशी बहुतेकदा गाडीमालकांच्या तक्रारींवरूनच सुरू होते. गरज पडली तर पुढे इंजिनिअरिंग तपासणी होते, आणि तरीही कंपनी ऐकत नसेल तर रिकॉलची, म्हणजे गाड्या परत बोलावून दुरुस्त करून देण्याची, मागणी. तुमच्या मुलाच्या तक्रारीशी जुळणारं एक प्रकरण सांगतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये या यंत्रणेने जनरल मोटर्सच्या २७ लाख मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही चौकशीला घेतल्या. हाताशी तक्रारी होत्या १११. लोकांचं म्हणणं हेच, की पेडल कडक होतं आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

झालं होतं असं. आपण पेडल दाबतो तेव्हा पायाचा जोर वाढवायला बूस्टर असतो आणि तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेतलेल्या पोकळीवर, चालतो. या गाड्यांत व्हॅक्यूमसाठी इंजिनच्या जोरावर फिरणारा पंप होता. पंपाला वंगण मिळायचं इंजिन ऑइलचंच, तेही एका बारीक जाळीतून. ऑइलचा चिकट गाळ जाळीवर बसत गेला की पंपाला तेल कमी पडायचं आणि व्हॅक्यूम घटायचा. ब्रेक असतात, पण मदतीविना; सगळा जोर पायाने लावावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या ३४ लाख ६० हजार गाड्या परत बोलावल्या आणि ब्रेक सांभाळणारं सॉफ्टवेअर बदलून दिलं. मॉडेलं २०१४ ते २०१८ ची, म्हणजे कित्येक गाड्या चार-पाच वर्षं तशाच रस्त्यावर होत्या. शंभरावर लोकांनी तक्रार लिहायचे कष्ट घेतले म्हणून एवढं झालं.

निकाल कधी लागेल, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटा प्रियसची चौकशी उघडली आणि आठवड्याच्या आत कंपनीने जगभरातल्या सुमारे ४ लाख ३७ हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या. खड्ड्यावरून किंवा निसरड्यावरून जाताना ब्रेक क्षणभर सुटल्यासारखे वाटायचे, तो दोष एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सॉफ्टवेअरमधला. उलट होंडाच्या अकॉर्ड आणि सीआर-व्ही समोर काही नसताना आपोआप ब्रेक मारतात, ही चौकशी फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली आणि इंजिनिअरिंग तपासणीपर्यंत पोचायलाच एप्रिल २०२४ उजाडलं.

म्हणून मुलाला एनएचटीएसएच्या वेबसाइटवर स्वतःची तक्रार नोंदवायला सांगा. ‘ब्रेक लागत नाहीत’ एवढ्याने तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. पेडल कडक झालं की खाली बसलं, वेग किती होता, इंजिन गरम होतं का, कोणता दिवा लागला, गाडी किती मैल चालली आहे, हे सगळं लिहायचं. सोबत व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अंकी-अक्षरी ओळख नंबर. तोच नंबर रिकॉलच्या पानावर अधूनमधून टाकून बघावा. रिकॉल निघालाच तर दुरुस्ती फुकट असते. आणि चालवताना पेडल कडक झालंच तर ते पुन्हापुन्हा दाबत-सोडत, म्हणजे पंप करत, बसायचं नाही, उरलासुरला व्हॅक्यूमही त्यात जातो. दोन्ही पायांनी जोर लावून दाबून धरायचं.

प्रश्न : पाच वर्षांची गाडी आहे. सिग्नलला ब्रेक दाबून थांबलो की पेडल हळूहळू खाली जातं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, या मॉडेलला असंच असतं. आपल्याकडे सरकारी चौकशी होते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ‘असंच असतं’ हे ऐकून गप्प बसू नका. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं, त्यानुसार सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. त्याआधी २०१२ पासून गाड्या परत बोलावण्याची उद्योगाची स्वतःची ऐच्छिक पद्धत होती, ती आजही चालते. मारुतीने ऑक्टोबर २०२२ मध्ये वॅगन आर, सेलेरियो आणि इग्निसच्या ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकमधल्या पिनसाठी अशाच परत बोलावल्या. नव्या नियमांत गाडी सात वर्षांच्या आतली लागते, म्हणजे तुमची बसते. तक्रार वाहन पोर्टलवर करायची. गाडी मान्यताप्राप्त चाचणी संस्थांकडून तपासून घेता येते. पुण्याची एआरएआय त्यांतलीच. दोषी कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. सक्तीच्या रिकॉलसाठी मात्र मॉडेलच्या वार्षिक विक्रीनुसार ठरावीक तक्रारी जमाव्या लागतात. ब्रेकच्या बाबतीत ही अट मला अजिबात मान्य नाही. ब्रेकची एक पक्की तक्रार तपासणीला पुरेशी असली पाहिजे.

तुमचं पेडल खाली बसतंय, म्हणजे मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) सील आतून गळत असण्याची शक्यता मोठी. ऑइल बाहेर सांडत नाही, म्हणून टाकीतली पातळी बरोबर दिसते आणि मेकॅनिक फसतो. दुरुस्त होईपर्यंत पसरणी घाट नको. कडक पेडलच्या उलट, चालवताना पेडल खाली बसलंच तर तुम्ही पटापट पंप करा, दाब पुन्हा तयार होतो. सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका. ‘थांबलेल्या गाडीत पेडल खाली जातं’ असं लिहून घ्या, सही घ्या आणि प्रत घरी ठेवा. पोर्टलवर तक्रार करताना तीच जोडा.